बेसवाल्याच्या हाती रेकॉर्ड

जॅझच्या चार-पाच जणांच्या संचात डबल बेस वाजवणारा बहुतेक वेळा मागे उभा असतो. सॅक्सोफोन, पियानो, गिटार आपण नावानिशी ऐकतो. बेस नुसता जाणवत राहतो. तो मध्येच थांबला की मात्र बाकीच्यांचं वाजवणं एकदम अधांतरी होतं. असा वादक जेव्हा स्वतःच्या रचनांचा अल्बम करायला घेतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडतो की तो पुढे आला तर त्याचं रोजचं काम करायचं कोणी? या प्रश्नाचं मला सर्वात आवडणारं उत्तर मिरोस्लाव व्हितोउश या झेक बेसवादकाच्या 'इन्फिनिट सर्च' या रेकॉर्डमध्ये आहे. १९६९ मध्ये ती न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

आधी ते रोजचं काम समजून घेऊ. गाण्याच्या कॉर्ड्स ठरलेल्या असतात आणि बेसवाला बहुधा प्रत्येक मात्रेला एक स्वर वाजवत त्यांच्यातून वाट काढतो. पांढरी एकचा सा धरा. 'डी मायनर' ही कॉर्ड चार मात्रा आहे आणि त्यानंतर 'जी सेव्हन' येणार आहे. बेसवाला रे, म, ध असे पहिल्या कॉर्डचेच तीन स्वर घेतो, चौथ्या मात्रेला कोमल ध लावतो आणि पुढच्या पहिल्या मात्रेला पंचमावर येतो. हा पंचम म्हणजे नव्या कॉर्डचा मूळ स्वर. तो कोमल ध दोन्ही कॉर्ड्सच्या स्वरांत बसत नाही, पण त्याच्यामुळेच पंचमाची ओढ लागते. एकाच चालीत तीन कामं होतात: लय राहते, कॉर्ड कळते आणि पुढे कुठे जायचं आहे त्याची चाहूल लागते. सॅक्सोफोनवाला निश्चिंतपणे दूरवर फिरून येतो तो या जोरावर.

वाद्यही अशा कामासाठीच घडलेलं आहे. चार तारा, पडदे नाहीत, आणि घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी साधारण एक मीटरहून थोडी जास्त. सर्वात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते, सर्वात वरची ९८. इतके खालचे स्वर माणसाच्या कानाला मुळात कमी ऐकू येतात. म्हणून बेसवर धून वाजवायची तर वरच्या सप्तकात जावं लागतं. तार बरोबर मध्यावर दाबली की वरचं सप्तक सुरू होतं. तिथून पुढे डाव्या हाताचा अंगठा मानेमागून निघून तारेवर येतो आणि बोटासारखा वापरला जातो. इथे स्वर जवळजवळ येतात, त्यामुळे बोटं वेगाने फिरू शकतात, पण पडदे नसल्याने जरा सरकलं तरी बेसूर होतं. पूर्वी आतड्याच्या तारा असत आणि आवाज मोठा यावा म्हणून त्या फिंगरबोर्डापासून बऱ्याच उंच ठेवत. पोलादी तारा आणि ॲम्प्लिफायर आल्यावर तारा खाली आणता आल्या, बोटांवरचा ताण उतरला. १९६१ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेलेल्या बेसवादक स्कॉट लाफारोने पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीत पियानोशी बरोबरीने बोलणारा बेस वाजवून दाखवला होता. व्हितोउशने तो धागा उचलला.

व्हितोउश प्रागचा, जन्म १९४७ चा. प्रागच्या कॉन्झर्व्हेटरीत तो फ्रान्टिशेक पोश्ता यांच्याकडे शिकला, म्हणजे त्याचा गज अभिजात संगीतात तयार झाला. पोरवयातच भाऊ ॲलन ड्रम्सवर आणि यान हामर कळफलकावर असं त्यांचं त्रिकूट होतं. १९६६ मध्ये व्हिएन्नाच्या स्पर्धेत यश मिळालं आणि तो बॉस्टनच्या बर्कलीला शिकायला गेला. १९६८ मध्ये पियानोवादक चिक कोरियाच्या 'नाऊ ही सिंग्ज, नाऊ ही सॉब्ज' या रेकॉर्डवर ड्रमर रॉय हेन्ससोबत त्याने जो बेस वाजवला, तो आजही तरुण बेसवाले ऐकत बसतात आणि स्वर उतरवून काढतात.

'इन्फिनिट सर्च'मध्ये त्याच्याबरोबर सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, इलेक्ट्रिक पियानोवर हर्बी हॅन्कॉक, गिटारवर जॉन मॅकलॉफलिन आणि ड्रम्सवर जॅक डीजॉनेट आहेत. 'एपिलॉग'मध्ये ड्रम्सला जो चेम्बर्स. निर्माता बासरीवादक हर्बी मॅन. एडी हॅरिसची 'फ्रीडम जॅझ डान्स' सोडली तर रचना व्हितोउशच्या. आणि त्या एका उसन्या रचनेची निवडही विचारपूर्वक वाटते. तिच्यात कॉर्ड्स जवळपास बदलतच नाहीत. त्यामुळे दर चार मात्रांनी वाट दाखवायची बेसवाल्याची जबाबदारीच संपते.

आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा पेटी लेहरा धरते. एरवी ठेका धरणारा तबलजी मग मोकळा होतो, कारण आवर्तनाचा हिशेब दुसऱ्याने घेतलेला असतो. इथे तो हिशेब एकाकडे नाही, वाटून दिला आहे. लय डीजॉनेटच्या झांजेवर असते. सुरांचा रंग हॅन्कॉकच्या लांबत जाणाऱ्या कॉर्ड्स राखतात. मॅकलॉफलिनची गिटार तुटक घाव घालत मात्रांची आठवण देत राहते. त्यामुळे बेस खाली उतरून मूळ स्वर दाखवतो आणि लगेच वर जाऊन हेंडरसनच्या वाक्याला उत्तर देतो. एकट्याची कमाल दाखवणारे बेस-सोलो असलेल्या रेकॉर्डी पुष्कळ आहेत. इथे मात्र सगळ्या संचाचं काम नव्याने मांडलं आहे, आणि मला वाटतं रचनाकार व्हितोउशची खरी ताकद त्यात आहे.

बेसवाला पुढे आला तर त्याचं काम करायचं कोणी, हा प्रश्न पुढेही त्याच्या मागे लागला. कळफलकवादक जो झाविनुल आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांच्यासोबत त्याने 'वेदर रिपोर्ट' हा संच उभा केला. १९७१ च्या पहिल्या रेकॉर्डवर 'मॉर्निंग लेक' आणि 'सेव्हन्थ ॲरो' या त्याच्या रचना आहेत, आणि त्या काळात गजाने वाजवलेला त्याचा बेस कधी कधी दुसऱ्या सॅक्सोफोनसारखा वाटतो. पुढे संच फंककडे वळला. त्या संगीताला एकच आकृती न ढळता धरणारा बेस लागतो. व्हितोउश १९७४ च्या सुमारास बाहेर पडला आणि त्याच्या जागी इलेक्ट्रिक बेस वाजवणारा अल्फॉन्सो जॉन्सन आला. मग १९८५ मध्ये 'इमर्जन्स'साठी त्याने कोणालाच सोबत घेतलं नाही. सारी रेकॉर्ड एकट्या बेसची. २००३ च्या 'युनिव्हर्सल सिंकोपेशन्स'मध्ये मात्र मॅकलॉफलिन आणि डीजॉनेट पुन्हा त्याच्याबरोबर आहेत, शिवाय कोरिया आणि सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक.

ऐकताना एक काळजी घ्या. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा स्वर बाहेर पडतच नाही. त्याच्या वरच्या उपस्वरांवरून कान त्याचा अंदाज बांधतो आणि बेस आहे इतकंच कळतं. बरे हेडफोन लावा. सुरुवात 'माउंटन इन द क्लाउड्स'पासून केलेली बरी. ती दोन मिनिटांच्याही आत संपते, त्यामुळे तीन-चारदा सहज ऐकून होते. एकदा फक्त झांज ऐका, एकदा फक्त बेस, आणि मग दोन्ही मिळून. हीच रेकॉर्ड १९७२ मध्ये पुन्हा बाजारात आली ती 'माउंटन इन द क्लाउड्स' याच नावाने, तेव्हा शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा.