सुट्टीचा शीण

दिवाळीचे चार दिवस संपले की सोमवारी सकाळी बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या फलाटावर चाळिशी-पन्नाशीतले चेहरे बघावेत. ही मंडळी सुट्टीवरून परतली आहेत की सुट्टीला निघायची गरज आहे, ते चटकन सांगता येत नाही. खापर फुटते फराळावर, आणि पुढचा आठवडा कोमट पाण्यात लिंबू पिळण्यात जातो. चकली-करंजी निर्दोष आहेत असे नव्हे. पण हा शीण ताटापेक्षा अंथरुणातून जास्त येतो. आपण सुट्टीत झोपेचे तास मोजतो, तिची वेळ मोजत नाही.

साधा हिशेब करून पाहू. एरवी रात्री ११ ला झोपून पहाटे ५ ला उठणाऱ्याच्या झोपेचा मध्य २ वाजता येतो. सुट्टीत तो दीडला आडवा होतो, साडेनऊला उठतो. मध्य साडेपाचवर जातो. फरक साडेतीन तासांचा. उन्हाळ्यात मुंबई आणि जर्मनीच्या घड्याळांत नेमके एवढेच अंतर असते. म्हणजे घर न सोडता हा गृहस्थ चार दिवस जर्मनीला जाऊन येतो, आणि तेही तिथले काही न बघता! योगायोगाने, या प्रकाराला २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ हे नाव दिले तेही टिल रोएनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. शरीरातले घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत २४ तासांपेक्षा किंचित सावकाश चालते. त्यामुळे उशिरा झोपण्याकडे घसरणे सोपे आणि परत लवकरच्या वेळेवर येणे चढणीचे. शेवटच्या रविवारी ११ वाजता दिवा मालवूनही डोळा लागत नाही, तो यामुळे.

विशीत हे सगळे खपून जाते. मध्यमवयात का खपत नाही, याचे एक उत्तर २००० साली ईव्ह व्हॅन कॉटर आणि सहकाऱ्यांनी १४९ निरोगी पुरुषांच्या झोपेच्या नोंदींतून दिले. एकूण झोपेतला गाढ झोपेचा वाटा १६ ते २५ वयात सुमारे १९ टक्के होता. ३६ ते ५० वयोगटात तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरला होता. साठीनंतर होईल असे आपण समजतो ती घसरण पन्नाशीआधीच बहुतांश उरकलेली असते. त्यात रात्रीचे खाणे. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रक्तात चढले की इन्शुलिनचे काम मंदावते. म्हणून संध्याकाळी सातला खाल्लेला लाडू आणि रात्री साडेअकराला खाल्लेला तोच लाडू शरीराच्या लेखी सारखे नसतात. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत, तेव्हा हा फरक किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, वर्षभर पहाटेची लोकल पकडणाऱ्याने सुट्टीतही झोपू नये का? तक्रार रास्त आहे, आणि मुंबईत तर जरा जास्तच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला असल्याने इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी ३९ मिनिटे मागे चालतो. १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ हीच मिनिटे राखून होता. आज घड्याळात सहा वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने पाच एकवीसच झालेले असतात. तेव्हा सुट्टीत तासभर उशिरा उठण्याला माझी हरकत नाही. चार तास उशिरा उठण्याला आहे. आठवडाभराचे जागरण शनिवार-रविवारी फेडता येते का, हे कोलोराडोतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये तपासले, तर भरपूर झोपू दिलेल्यांचीही इन्शुलिनला मिळणारी साथ सुधारली नाही. त्या प्रयोगातली माणसे तरुण होती. पन्नाशीत याहून बरे घडेल असे मानायला आधार नाही. उरलेली झोप सकाळी ओढण्यापेक्षा रात्री लवकर घ्यावी, किंवा दुपारी जेवणानंतर अर्ध्या तासाची वामकुक्षी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: लवकर झोपायचे कोणी? २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. सणात हे अंतर कमी होत असेल असे मानणाऱ्याने एकदा नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री ओटा आवरून बघावा. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर, रात्री घाम फुटून जाग येण्याच्या वयात, हा ओटा रोज आवरणाऱ्या बाईला झोपेचे सल्ले देणे फुकट आहे. भांडी दुसऱ्याने घासली तरच तिचा दिवा साडेदहाला मालवेल. बाहेरच्या लाऊडस्पीकरचे त्यामानाने सोपे: रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा नियम २००० पासून आहे, आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून १५ दिवसांपलीकडे देता येत नाही.

घसरलेले घड्याळ जागेवर आणायला सगळ्यात गुणकारी म्हणजे सकाळचा उजेड, तोही उघड्यावरचा. ढगाळ सकाळसुद्धा घरातल्या दिव्यांहून कितीतरी प्रखर असते. म्हणून सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवशी ठरल्या वेळी उठून अर्धा तास बाहेर चाला. बोरिवलीकरांना त्यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हाकेच्या अंतरावर आहे. सोमवारी ते पर्यटकांसाठी बंद असते, तेव्हा शनिवार-रविवार चुकवू नका.