सैल पडलेली शेपटी
जनावरांचं वागणं : लेखांक ७

मागच्या आठवड्यात कोंबड्या एकमेकींची पिसं का उपटतात ते पाहिलं. जमीन खरवडून दाणे टिपायची सवय हाडीमाशी भिनलेली आणि पायाखाली नुसती जाळी, मग चोच शेजारणीकडे वळते. डुकरांनी एकमेकांच्या शेपट्या चावणं याच कुळातलं आहे, पण परिणाम कितीतरी वाईट.

आधी डुकराचं नाक समजून घेऊ. ते नुसतं हुंगायचं नाही, उकरायचं अवजार आहे. टोकाशी आधाराला वेगळं छोटं हाड असतं. एडिंबरामध्ये स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी पाळीव डुकरं झाडी, गवत आणि ओढा असलेल्या मोकळ्या आवारात ठेवली. १९८९ साली त्यांनी निरीक्षणं प्रसिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्या गव्हाणीवर वाढलेल्या जातीची ही डुकरं दिवसा निम्म्याहून अधिक वेळ चरण्यात आणि माती उकरण्यात घालवत होती. गोव्यात किंवा आपल्याकडच्या गावकुसाला मोकळं फिरणारं डुक्कर पाहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही.

आता तेच जनावर सिमेंटच्या किंवा फटींच्या जमिनीवर, दहा-पंधरा जणांच्या कप्प्यात आणा. पोट भरतं, पण नाकाला काम नाही. समोर हलणारी, मऊ, चघळता येणारी वस्तू एकच, पुढच्याची शेपटी. सुरुवातीला एक डुक्कर ती नुसती तोंडात धरतं, आणि दुसरंही शांत उभं राहतं. कधीतरी कातडी फुटते. रक्ताची चव लागली की कप्प्यातले बाकीचेही धावतात, आणि दोन दिवसांत अनेक शेपट्या बुडापर्यंत खाल्ल्या जातात.

सगळे प्रकार असे हळूहळू घडत नाहीत. गव्हाणीशी जागा कमी असली की मागं राहिलेलं डुक्कर पुढच्याची शेपटी पकडून ओढतं, आणि पहिल्याच फटक्यात जखम होते. डुकरांना एकाच वेळी, एकत्र खायला आवडतं. पाळी लावून खाणं त्यांच्या स्वभावात नाही. तिसरा प्रकार एखाद्याच डुकराचा. ते वेड लागल्यासारखं एकामागून एक शेपट्या शोधत फिरतं. प्रकार ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही. भुकेच्या भांडणात नाकाला काम म्हणून पेंढा टाकून काय होणार?

यात भर पडते ती कोंडलेल्या हवेतला अमोनिया, थंड झोत, उकाडा, खाद्यात मिठाची किंवा प्रथिनांची कमतरता, आजारपण, अनोळखी डुकरं एकत्र घालणं यांची. म्हणून बदल झालेला दिवस आठवून पाहावा. नवीन खाद्याचं पोतं फोडलं होतं का? पंखा बंद पडला होता का?

जखम शेपटीवर थांबत नाही. जंतू रक्तातून कण्यात, फुप्फुसात जातात, गळवं होतात, मागचे पाय लुळे पडतात.

इतकं सगळं होण्याआधी मात्र इशारा मिळतो, आणि या लेखात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. निरोगी, उभ्या डुकराची शेपटी बहुधा वर वळलेली असते. चावे सुरू होण्याच्या बेतात ती खाली लोंबते किंवा पायांमध्ये दाबली जाते. पिल्लांवरच्या डच अभ्यासात अशी दाबलेली शेपटी दिसल्यानंतर दोन-तीन दिवसांनी जखमा आढळल्या. स्कॉटलंडमध्ये तर छताला त्रिमितीय कॅमेरे लावून लोंबत्या शेपट्या टिपल्या गेल्या. २०१८ च्या त्या अभ्यासात उद्रेकाआधी त्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. कॅमेरा नसला तरी सकाळी खाद्य टाकण्याआधी कप्प्याशी दोन मिनिटं शांत उभं राहता येतं. किती शेपट्या खाली आहेत? नेहमी लोळणारी डुकरं उगाच येरझारा घालताहेत का? कुणी भिंतीशी पाठ लावून बसलंय का? एखादी शेपटी ओली, केस चघळलेली दिसते का?

पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून पिल्लू काही दिवसांचं असतानाच शेपटी छाटतात, बहुधा भूल न देता. चावे त्यानं कमी होतात हे खरं. पण कारण कप्प्यात तसंच राहतं आणि वाचायला शेपटीही उरत नाही, म्हणून मला हा उपाय मान्य नाही. युरोपीय संघात सरसकट छाटणीला मनाई आहे, तरी बहुतेक सदस्य देशांत ती चालते. स्वीडननं १९८८ साली ती पूर्ण थांबवली, फिनलंडनं २००३ मध्ये. स्वीडनमध्ये पूर्ण फटींची जमीन चालत नाही, जागा जास्त द्यावी लागते आणि पेंढा रोज पडतो.

टांगलेली साखळी किंवा प्लास्टिकचा चेंडू डुकराला लवकर कंटाळवाणा होतो. चावता येईल, खाता येईल, मोडता येईल असं काही हवं. भाताचा कोरडा, बुरशी नसलेला पेंढा मूठ-मूठ, दिवसातून दोन-तीनदा टाकला तरी नाकं तिकडे वळतात. चावा झालाच असेल तर जखमी डुक्कर त्याच दिवशी वेगळं काढावं आणि पशुवैद्याला दाखवावं. चावणारं सापडलं तर तेही हलवावं, पण दुसऱ्या भरलेल्या कप्प्यात नको.

पुढच्या आठवड्यात : घोडा गव्हाणीची कड का चावतो?