छायाचित्रें टिकावीं कशीं?

आमच्या दिवाणखान्याच्या पूर्वेकडील भिंतीवर आजोबा-आजींचें एक मोठें छायाचित्र होतें. मूळ छायाचित्र १९३८ सालचें, काळेंपांढरें व तळहाताएवढें. वाडा सोडून नव्या जागेंत राहावयास आलों तेव्हां एका दुकानांतून तें मोठें करून घेतलें व त्यांत रंगहि भरविले. आजींचा जांभळा शालू आणि आजोबांची लाल पगडी पाहून घरांतील लहानथोर हरखून गेले. "आतां जुनें कशाला?" म्हणून मूळ प्रत रद्दीच्या गठ्ठ्यांत चालली होती, आमच्या वहिनींनीं ती उचलून ट्रंकेंत ठेवली म्हणून वाचली. सहा वर्षें लोटलीं. गेल्या पितृपक्षांत नातीनें विचारलें, "फोटोंतले आजोबा आजारी होते का हो?" आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. पगडी फिकी गुलाबी झालेली, शालू राखी रंगाचा, आणि दोघांच्याहि चेहऱ्यांवर हिरवट कळा. मग ट्रंक उघडली. ऐंशींहून अधिक वर्षांची ती जुनी प्रत कडेला थोडी पिवळसर होती. पण आजींच्या नथेचा मोतीन् मोती मोजून घ्यावा.

जुनें टिकावें व नवें मावळावें, ही उलटी रीत पाहून आम्हांस लाज वाटली. आमचा पुतण्या हौसेनें घरींच छायाचित्रें छापतो. त्याच्या मदतीनें व थोडें वाचन करून आम्ही जें शिकलों, तें आमच्यासारख्याच इतर घरांच्या उपयोगीं पडेल, या आशेनें येथें मांडीत आहों.

प्रथम जुन्या प्रतीचा फाजील गौरव नको. तिच्यावरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचें, आणि शेवटचीं सहा वर्षें ती ट्रंकेच्या काळोखांत होती. नवी प्रत फवारा-यंत्रावर, म्हणजे बाजारांत ज्यास इंकजेट प्रिंटर म्हणतात त्यावर छापलेली, व समोरच्या पश्चिमेच्या खिडकींतून रोज ऊन खाणारी. तरीपण सर्व दोष उन्हाचा नव्हता. इंकजेटच्या शाया दोन जातींच्या असतात. एकींत रंग पाण्यांत साखर विरघळावी तसा विरघळलेला असतो. ती डाय शाई. दुसरींत रंगाचे अतिसूक्ष्म कण द्रवांत तरंगत असतात. ती पिगमेंट शाई. डाय शाई चमकदार दिसते व स्वस्त पडते. परंतु प्रकाश व हवेंतील ओझोन यांपुढें ती लवकर हार खाते. पिगमेंट शाई त्या मानानें पुष्कळ टिकाऊ. आपल्या पोथ्यांची शाई काजळाची, म्हणजे कणांचीच. तीं अक्षरें शतकानुशतकें काळींच राहिलीं आहेत.

या बाबतींत मोठमोठ्यांसहि ठेंच लागलेली आहे. गायक ग्रॅहॅम नॅश यांनीं १९९१ सालीं कॅलिफोर्नियांत इंकजेटवर कलाचित्रें छापणारा छापखाना काढला. पण त्या काळच्या शाया थोड्याच वर्षांत विटत. म्हणून छापून घेतांना दुकानदारास पहिला प्रश्न शाईचा विचारावा, आणि दुसरा कागदाचा.

वर्तमानपत्र चार दिवस उन्हांत ठेवलें कीं पिवळें पडतें, कारण लाकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य त्यांत राहिलेलें असतें. बाजारचा सामान्य चकचकीत फोटो-कागद म्हणजे दोन्ही बाजूंस प्लॅस्टिकचा पातळ लेप दिलेला कागद व वर शाई धरणारा थर. सहलीच्या व वाढदिवसांच्या छायाचित्रांस तो पुरेसा आहे. पण जें चित्र नातवंडांनीं पाहावें असें वाटतें, त्यास कलाछपाईचा कागद घ्यावा. तो कापसाच्या तंतूंचा असतो, अथवा लिग्निन काढून शुद्ध केलेल्या लाकडी तंतूंचा. या दुसऱ्यास अल्फा-सेल्युलोज म्हणतात. दोन्ही आम्लरहित असतात. कापसाचा महाग, पण स्पर्शासहि वस्त्रासारखा मऊ. जर्मनींतील हानेम्यूले व फ्रान्समधील कान्सों हीं कागदांत नांवाजलेलीं घराणीं. पहिल्याचा उगम १५८४ चा व दुसऱ्याचा १५५७ चा. सुती चिंध्यांचा कागद आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. पुण्याच्या शिवाजीनगरांत १९४० सालीं निघालेल्या हातकागद संस्थेचें नांव पुष्कळांस ठाऊक असेल. मात्र साधा हातकागद इंकजेट यंत्रांत घालूं नये. शाई जागच्या जागीं धरणारा लेप त्यावर नसल्यानें ती तंतूंत पसरते व चित्र मळकट होतें.

कागद निवडतांना डोळा फसतो तो पांढरेपणास. धोतर पांढरें दिसावें म्हणून आपण नीळ देतों. तशी कागदासहि एक नीळ देतात. हीं उजाळा देणारीं द्रव्यें अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात व कागद दुधासारखा दिसतो. कालांतरानें त्यांची शक्ति सरते आणि कागद आपल्या मूळच्या सायीच्या रंगावर येतो. चित्रांतील रंगांचा तोल त्याबरोबर ढळतो. परीक्षा सोपी आहे. अंधाऱ्या खोलींत कागदावर नोटा तपासण्याचा अतिनील दिवा धरावा. निळा झगझगाट झाला तर नीळ भरपूर आहे असें समजावें. प्रथमपासूनच किंचित् सायीच्या रंगाचा असलेला कागद अधिक प्रामाणिक.

तिसरी निवड पृष्ठभागाची. मॅट कागद चमकत नाहीं; त्यावर चेहरे सौम्य दिसतात, परंतु काळा रंग तितका गडद उतरत नाहीं. बॅरायटा कागदावर बेरियम सल्फेटचा थर असतो. जुन्या अंधारखोलींतील कागदांचीहि हीच रीत होती. त्यावर काळोख गर्द व दागिने झळझळीत दिसतात. वडीलधाऱ्यांच्या चित्रांस आम्ही गुळगुळीत मॅट पसंत करूं. दीपमाळेच्या रात्रीच्या देखाव्यास बॅरायटा. पुष्कळ यंत्रांत या दोहोंस काळी शाईहि वेगवेगळी लागते. जाडीचें म्हणाल तर नेहमींचा झेरॉक्सचा कागद दर चौरस मीटरास ७० ते ८० ग्रॅम भरतो. कलाछपाईचा ३०० च्या आसपास. तो मागील वाटेनें एकेक करून द्यावा व यंत्रास जाडी सांगावी, नाहींतर शाईचें तोंड कागदास घासतें.

छापतांना लेपाची बाजू ओळखावी. मॅट कागदांत ती किंचित् अधिक पांढरी असते; संशय आल्यास कोपऱ्याला ओलसर बोट लावावें, चिकटेल ती बाजू खरी. कापसाच्या कागदावर तंतूंची धूळ असते. ती मऊ कुंचल्यानें आधींच झाडावी, नाहींतर ती मागाहून गळून चित्रांत पांढरे ठिपके पडतात. प्रत्येक इंचास सुमारें ३०० बिंदु असावे. म्हणजे १२ इंच × ८ इंच चित्रास ३६०० × २४०० बिंदु झाले. प्रत्येक कागद शाई आपापल्या परीनें पितो. म्हणून कागद करणारे अमुक कागद व अमुक यंत्र यांच्याकरितां रंगांचें एक कोष्टक देतात, त्यास आयसीसी प्रोफाइल म्हणतात. रंगांचा कारभार संगणकांतील चित्राच्या कार्यक्रमाकडे तरी सोंपवावा किंवा यंत्राकडे तरी. दोघांनींहि मीठ घातल्यास भाजी खारट व्हावयाचीच. मोठी प्रत काढण्यापूर्वीं चेहऱ्याची एक लहान पट्टी छापून दिवसाच्या उजेडांत पाहावी. पडदा स्वयंप्रकाशी असल्यानें त्यावर उजळ दिसणारें चित्र कागदावर काळवंडतें.

छापलेली प्रत एक दिवस उघडी वाळूं द्यावी. घाईनें चौकटींत घातल्यास कांचेवर आंतून धुरकट थर बसतो. कांच चित्रास टेंकूं नये, म्हणून मध्यें आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट ठेवावी. पावसाळ्यांत, विशेषतः कोकणांत, ओल्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावूं नये. उरलेला कागद त्याच्याच पिशवींत आडवा ठेवावा.

आम्हीं जुनी प्रत पुन्हां संगणकांत उतरवून घेतली व कापसाच्या कागदावर पिगमेंट शाईनें काळीपांढरीच छापली. रंग या वेळीं भरले नाहींत. कारण चौकशी करतां आजींचा शालू जांभळा होता असें सांगणारें घरांत कोणीहि निघालें नाहीं. तो दुकानदाराच्या कल्पनेचा रंग होता, आणि सहा वर्षें आम्ही त्यासच आजींचा म्हणत होतों. नवें चित्र आतां उत्तरेकडील आंतल्या भिंतीवर आहे.

जुने लेखक पोथीच्या शेवटीं पोथीच्याच तोंडून विनवणी लिहीत कीं, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. छायाचित्रास तोंड नाहीं. त्याची विनवणी आपणच ओळखावयास हवी. चौकटींत घालण्यापूर्वीं आम्ही प्रतीच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें नांवें व साल लिहावयास बसलों. आजींचें माहेरचें नांव लिहितांना हात थांबला. तें घरांत एकट्या वहिनींस ठाऊक होतें. त्यांनीं सांगितलें, नातीनें लिहिलें.