परराष्ट्र धोरण दिल्लीचं, मग स्पेनचे पंतप्रधान वडोदऱ्यात का? समजून घ्या सोप्या भाषेत

कारेलीबाग (वडोदरा) : कारेलीबागपासून हरणीचा विमानतळ जवळच. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वडोदऱ्यात टाटांच्या विमान कारखान्याचं उद्घाटन केलं. दोन्ही देशांची चर्चाही दिल्लीत नाही, तर गायकवाडांच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाली. मग परराष्ट्र व्यवहारात शहरांचं आणि राज्यांचं नेमकं काम काय?

कायदा काय सांगतो?
राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार परदेशांशी तह करणं हा केंद्राचा विषय. राज्याला किंवा महापालिकेला तो अधिकार नाही. पण जमीन, पाणी, पोलीस हे विषय राज्याकडे आहेत. म्हणजे सही दिल्लीची असली तरी कारखाना उभा राहायला राज्याची साथ लागतेच. राज्य अडवूही शकतं. २०११ मध्ये ममता बॅनर्जींच्या विरोधामुळे बांगलादेशासोबतचा तिस्ता पाणीवाटप करार अडला, तो अडलाच.

मग राज्यं काय करतात?
गुजरात २००३ पासून 'व्हायब्रंट गुजरात' परिषद भरवतं. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री गुंतवणुकीसाठी दावोस गाठतात. शहरंही मागे नाहीत. २०१४ मध्ये अहमदाबाद आणि चीनचं ग्वांगझू 'भगिनी शहरं' झाली. त्याच वर्षी परराष्ट्र मंत्रालयाने राज्यांसाठी वेगळा विभाग सुरू केला.

आपल्याला त्याचं काय?
वडोदऱ्यातला प्रकल्प सी-२९५ या वाहतूक विमानांचा. एकूण ५६ पैकी १६ विमानं स्पेनमध्ये बनलेली, ४० वडोदऱ्यात बनणार. २०२२ मध्ये हा प्रकल्प गुजरातला गेल्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तो नागपूरला यायला हवा होता, असा विरोधकांचा आरोप होता. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते : कारखाना ज्या गावाजवळ, रोजगाराची पहिली संधी तिथल्यांना. नंदुरबार, धुळे, पालघरच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

लक्षात काय ठेवायचं?
परिषदांमध्ये होतात ते बहुतेक सामंजस्य करार. ते सहसा बंधनकारक नसतात. त्यामुळे कोटींच्या आकड्यांवर भुलू नका. जागा मिळाली का, काम सुरू झालं का, स्थानिक किती लागले, हे तीन प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना जरूर विचारा.