अंधारात जागणारी मुले

३ डिसेंबर १९७१ ची संध्याकाळ. पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. राजस्थानातले जोधपूरही त्या हल्ल्यांतून सुटले नाही. १९६५ मध्ये याच शहराच्या तुरुंगावर बॉम्ब पडून कैदी दगावले होते. त्यामुळे राजस्थानातल्या घराघरांत एकच ताकीद होती : दिवा बाहेर दिसता कामा नये!

मोठी माणसे आघाडीवर, कामावर किंवा काळजीत. मग गल्लीत लक्ष कोणी ठेवायचे? १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत एन.सी.सी.चे छात्र नागरी संरक्षण दलाच्या मदतीला धावले. त्यांनी बचावकार्यात हात दिला, रहदारी सांभाळली, शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांना साहाय्य केले. यातल्या अनेकांना मिसरूडही फुटले नव्हते.

जयपूरच्या परकोट्यातल्या जुन्या वस्तीकडे पाहिले, की या कामाचे मोल कळते. अरुंद गल्ल्या, उंच हवेल्या, चिंचोळे जिने. अशा ठिकाणी अग्निशमन दलाचा बंब दारापर्यंत येईलच असे नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरवत नाही, हे शेजारच्या मुलाला पक्के ठाऊक असते. दोन बांबू आणि एक घोंगडी यांची डोली त्याला बांधता आली, तर आजी सुखरूप खाली येतात.

७ मे २०२५ रोजी ही शिकवण पुन्हा आठवावी लागली. पहलगामच्या हत्याकांडानंतर देशभर ‘ऑपरेशन अभ्यास’ झाले. जयपुरातही भोंगे वाजले. या सरावात शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही सामील करून घेण्याची सूचना गृहखात्याने दिली होती. भोंग्याचा आवाज चढउतार करू लागला तर धोका; एकसुरी, सलग वाजला तर धोका टळला. एवढे साधे ज्ञानही किती घरांत असते?

‘पोराला अशा वेळी बाहेर कसे पाठवायचे?’ हा आईचा प्रश्न रास्तच आहे. कायद्यानेही त्याचा विचार केला आहे. नागरी संरक्षण दलाचा स्वयंसेवक होण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याहून लहानांसाठी एन.सी.सी. आणि स्काउट-गाईड आहेत. धाडस दाखवण्याआधी शिस्त शिकायची, हाच त्यामागचा अर्थ. अशा कामाचे धडे देणारी राष्ट्रीय संस्था तर आपल्या नागपुरातच आहे. १९५७ मध्ये सुरू झालेली ही संस्था पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली.

हे शिक्षण केवळ युद्धापुरते नाही. २०१० पासून आपत्ती निवारणही कायद्याने नागरी संरक्षणाच्या कामात आले आहे. रक्त थांबवणे, धुरातून ओणवे होऊन बाहेर पडणे, घाबरलेल्या माणसाला धीर देणे, हे आग लागली किंवा पूर आला तरी उपयोगी पडते.

युद्ध कोणालाच नको असते. पण घरातला मुलगा किंवा मुलगी संकटात गोंधळून न जाता शेजाऱ्याचे दार ठोठावायला धावली, तर त्या घराने देशासाठी काही कमी केले, असे कोण म्हणेल?