नको म्हणून घालविलेले इस्ट्रोजेन

जळगावात काय किंवा धुळ्यात काय, रक्ततपासणीचा कागद हाती पडताच टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारा गृहस्थ प्रथम आपल्या पौरुषाचा आकडा शोधतो, आणि खाली इस्ट्राडायोलचे नाव दिसले की, बायकांचे म्हणून ऐकलेले हे द्रव्य आपल्या अंगात शिरले कसे, या शंकेने अस्वस्थ होतो. वस्तुतः ते कोठूनही शिरलेले नसते. टेस्टोस्टेरॉनचाच अल्पसा अंश अरोमाटेज नावाचे विकर, विशेषतः मेदपेशींत, इस्ट्राडायोलमध्ये, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेनमध्ये, पालटीत असते, आणि पुरुषाच्या अस्थींचा बराचसा कारभार त्या अल्पशा अंशाकडेच असतो.

१९९४ साली अमेरिकेतील २८ वर्षांच्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या देहात टेस्टोस्टेरॉनची वाण नव्हती. परंतु इस्ट्रोजेनचा संदेश ग्रहण करणारी यंत्रणाच जन्मतः सदोष असल्याने उंची २०४ सेंटिमीटरवर पोचूनही वाढ थांबली नव्हती, आणि हाडे मात्र विरळ झाली होती. पुढे २०१३ मध्ये बोस्टनच्या जोएल फिंकेलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० निरोगी पुरुषांचे नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन औषधाने थांबवून, त्यांना टेस्टोस्टेरॉन जेलच्या निरनिराळ्या मात्रा दिल्या, आणि निम्म्यांना शिवाय अ‍ॅनास्ट्रोझोल हे अरोमाटेजरोधक औषध देऊन इस्ट्रोजेन बनणेच रोखले. तेव्हा स्नायूंचे बळ टेस्टोस्टेरॉनवर, मेदवृद्धी मुख्यत्वे इस्ट्रोजेनच्या अभावावर, आणि कामेच्छा दोहोंवर अवलंबून असल्याचे दिसले.

हे अ‍ॅनास्ट्रोझोल मूळचे ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या स्तनकर्करोगावरील औषध. इस्ट्रोजेनने छाती फुगेल या धास्तीने, आणि पुष्कळदा व्यायामशाळेतल्या सल्लागाराच्या भरवशावर, ते घेणाऱ्याचे सांधे दुखू लागतात, कामेच्छा मंदावते, उदासी येते, अंगातून गरम वाफा निघतात (वैशाखात खानदेशात कोणाच्या निघत नाहीत, हा भाग निराळा!), आणि तो बापडा टेस्टोस्टेरॉन कमी पडले असे समजून मात्रा वाढवितो.

खरी उणीव इस्ट्रोजेनची असली, तरी अशा वेळी इस्ट्रोजेनची गोळी शोधणे हा उपाय नव्हे. अरोमाटेजरोधक औषध चालू असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करणे वा बंद करणे, टेस्टोस्टेरॉनची मात्राच अपुरी असेल तर तिचा फेरविचार करणे, एवढ्यानेच बहुतेकांचे भागते. मात्र पुरुषांतील इस्ट्राडायोलची अल्प पातळी साध्या चाचणीत नीट मोजली जात नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीवर आधारलेली सूक्ष्म चाचणी मागून घ्यावी, आणि ती गावात होत नसल्यास नमुना बाहेर पाठवावा. पातळी दीर्घकाळ खालावलेली असेल, तर हाडांची डेक्सा तपासणी अगत्याची.

टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याचा निर्णयही, लक्षणांच्या जोडीला, निरनिराळ्या दिवशी सकाळी केलेल्या दोन तपासण्यांत पातळी कमी आढळल्यावरच घ्यावयाचा असतो. आणि ज्याला अपत्याची इच्छा आहे, त्याने या इंजेक्शनाने शुक्रजंतूंची निर्मिती खुंटते, ही गोष्ट डॉक्टरांपाशी आधीच काढावी.