संगणकाची मुख्य यादी हाताशी ठेवा

कापणीच्या ऐन वेळी विळा शोधत बसणे परवडत नाही. तद्वतच, पीकविम्याच्या अखेरच्या दिवशी रावेर-यावलचे केळी बागायतदार रांगेत तिष्ठत असता सेवा केंद्रातील संगणकावर स्कॅनरचा प्रोग्राम धुंडाळणेही परवडत नाही.

'स्टार्ट' ही मुख्य यादी १९९५ साली विंडोज ९५ बरोबर आली. कीबोर्डवरील खिडकीच्या चिन्हाचे बटण दाबताच ती उघडते. मग प्रोग्रामच्या नावाची आरंभीची इंग्रजी अक्षरे टाइप करावीत. नाव दिसताच त्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'पिन टू स्टार्ट' निवडावे. नको असलेले नाव 'अनपिन'ने काढावे; मूळ प्रोग्राम नष्ट होत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मांडणी हंगामापूर्वीच उरकावी. शेतकऱ्याचा खोळंबा टळेल.